गोदूबाई, बंदर चौल

आमच्या चौलच्या बंदरात शेवटचं जहाज कधी लागलं ते आता कुणालाच सांगता येत नाही. खाडी गाळाने भरली, समुद्र मागे सरला, व्यापारी उठून गेले आणि बंदराच्या जागी नारळ-सुपारीच्या वाड्या उभ्या राहिल्या. तरीसुद्धा गेल्या दिवाळीच्या तोंडावर या बंदरात एक नवं तारू नोंदलं गेलं. ते माझ्या शेजारी, गोदूच्या ओटीवर, लोखंडी कड्यांना टांगलेलं होतं. खोटं वाटत असेल तर चौलात कुणालाही विचारा. मला मात्र विचारू नका. माझ्या बोलण्यावर माझी म्हैससुद्धा विश्वास ठेवत नाही. मी तिला ‘ऊठ’ म्हटलं तर ती आधी आजूबाजूला बघून खात्री करून घेते.

गोदू माझ्याच वयाची, म्हणजे सत्तरी ओलांडून बरीच पुढे आलेली. लग्न होऊन गेली ती वर्षाच्या आत माहेरी परत आली. का आली ते कुणी विचारलं नाही, कारण विचारायला येणाऱ्याकडे ती अशी बघायची की माणूस स्वतःचं नाव विसरून घरी जायचा. भाऊ गणराज ट्रक घेऊन पनवेलला गेला आणि तिकडचाच झाला. आईबाप गेल्यावर घर, वाडी, गाय, सगळं गोदूने एकटीने सांभाळलं, आणि हे सगळं ती सांभाळायची ते ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून. शिसवी फळी, दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांब. तिथे बसून ती वाल सोलायची, सुपारी कातरायची आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तो कुठे चाललाय, कशाला चाललाय आणि जायची खरंच गरज आहे का, हे विचारायची. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा तिच्या दारापाशी गाडी हळू करून उत्तर देऊन जायचा.

त्यात तिचे गुडघे गेलेले. जमिनीवर बसली तर उठवायला दोन माणसं लागतात. खुर्चीत बसली तर खुर्ची तिला सोडत नाही. झोपाळ्याचं तसं नाही. पायाने जरासा रेटा द्यायचा, फळी मागे जाते, आणि पुढे येताना तीच गोदूला अलगद उचलून पायांवर उभी करते. दिवसभरात ती अशी कितीदा तरी उठते. झोपाळा गेला तर गोदू जिथे बसेल तिथेच राहील, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. बाकी कुणाला ठाऊक नव्हतं, कारण गुडघे दुखतात असं ती जन्मात कुणाला सांगणार नाही.

आणि त्या झोपाळ्यावरच गणराजच्या मुलाचा डोळा पडला.

मुलाचं नाव प्रणय. त्याने आणि त्याच्या बायकोने, नेत्राने, किहीमला पाहुण्यांसाठी चार खोल्यांचं घर काढलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत पहिलेच पाहुणे यायचे होते. मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. गोदू फोन नेहमी स्पीकरवर ठेवते, त्यामुळे कुंपणाच्या अलीकडे मी आणि पलीकडे गाय, दोघांनी सगळं ऐकलं. पाहुण्यांना म्हणे जुन्या वस्तू आवडतात, त्यांना झोपाळ्यावर बसून फोटो काढायचे असतात, आणि आत्या तर आता काय, एकटीच. गोदूने सांगितलं की झोपाळा माझा आहे. तेव्हा प्रणय हसून जे बोलला त्यानेच सगळं पेटलं.

“आत्या, त्याच्यावर कुणाचं नाव हाय का? न्हाय ना? मग तो घरचा, सगळ्यांचा. शनिवारी टेम्पो घेऊन येतो. तुला हातवाली खुर्ची आणतो, एकदम आरामाची.”

आता या बोलण्यात काय विष होतं ते कळायला तुम्हाला या घरातली वाटणी माहीत पाहिजे. गोदूचा बाप आणि चुलता वेगळे झाले तेव्हा कोर्ट नाही, कचेरी नाही. घरातली सगळी भांडीकुंडी अंगणात ओतली, आणि ज्या भांड्यावर ज्याचं नाव कोरलेलं, ते त्याचं. हंडे गेले, कळश्या गेल्या, ताटं-वाट्या गेल्या, आणि चहा व्हायच्या आत वाटणी संपली. फक्त वाढायच्या एका डावावर आधीच वारलेल्या काकीचं नाव निघालं. तो डाव तेव्हापासून चुलीमागे पडून आहे. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. तर या घरात नाव म्हणजे नाव. आणि अख्ख्या घरात गोदूचं नाव कशावरच नव्हतं. तिच्या लग्नातली भांडी सासरीच राहिली, आणि त्यानंतर तिला भांडं द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही.

फोन ठेवल्यावर गोदूने दोन्ही पाय जमिनीला टेकवून धरले. झोपाळा हलेना. मी कुंपणावरून म्हटलं, “नाव नाही म्हणतो ना तो? मग घाल की नाव. फळीवर. एवढं मोठं घाल की किहीमवरून वाचता आलं पाहिजे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी शेवटचं पाहिलं होतं तेव्हा आम्ही दोघं मास्तरांच्या छत्रीत बेडूक सोडत होतो.

“दिना,” ती म्हणाली, “हिरामणला बोलीव.”

हिरामण हा रेवदंड्याचा. होड्यांवर नावं काढायची तर हिरामणनेच, असं आमच्या किनाऱ्यावर सगळे मानतात, आणि सगळ्यांत जास्त हिरामण मानतो. त्याचं अक्षर म्हणजे नुसतं अक्षर नव्हे. पिवळं धमक अंग, त्याला लाल सावली, सावलीला निळी कड, आणि वेलांटी अशी वळवायचा की नवखा मासा तिला गळ समजून लांब पळायचा. त्याने एका होडीवर ‘वादळ’ असं काढलं होतं. ती होडी बंदरात बांधून ठेवली तरी डोलायची, म्हणून तिला दोन नांगर टाकावे लागत. दुसऱ्या एकीवर ‘समाधान’ काढलं, तर ती समुद्रात जायलाच तयार होईना. मालकाने पुन्हा हिरामणला बोलावून नाव बदलून घेतलं तेव्हा कुठे हलली. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, निदान होडी तरी पाहिलेली आहे.

शुक्रवारी दुपारी हिरामण आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत रंगाचे डबे, आणि ब्रश केसांत खोचलेले. झोपाळ्याकडे त्याने असं पाहिलं जसं वैद्य पेशंटकडे बघतो. फळीभोवती फेरी मारली, ठोकून बघितली, खाली वाकून पोट बघितलं. लाकूड चांगलं आहे, म्हणाला, हिला शीड लावलं तर मुरुडपर्यंत जाईल. मग पॉलिश पेपरने जागा घासली, खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारली आणि दोन पांढऱ्या रेघा उमटवल्या. मला कडीला धरून उभं केलं, फळी हलू नये म्हणून. मी हललो की तो माझ्या सात पिढ्यांची चौकशी करायचा.

नाव काय घालायचं यावर आधी चर्चा झाली. मी म्हटलं, गोदू पुरे, लहान आणि सोपं. गोदू म्हणाली, भांड्यांवर सगळ्या बायकांची नावं ‘बाई’ लावून आहेत, मला का नाही. मग ‘गोदूबाई’ ठरलं. पहिलं अक्षर पिवळ्यात उतरलं तसं गोदू उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. दुसरं उतरलं तसं पुन्हा चहा. हिरामण सावली घालायला लागला तेव्हा ती दाराला टेकून बघत उभी राहिली. मी म्हटलं, काय गं, आवडलं नाही का. तर म्हणाली, “ते मोठं दिसतंय.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “पण असू दे. मोठंच असू दे.” आणि तिसऱ्यांदा चहा ठेवायला गेली.

आता माझे हात दुखायला लागले होते, पण खरं सांगतो, मजा अशी येत होती की मला माझं वय आठवत नव्हतं. पिवळ्याला लाल लागलं की अक्षर फळीवरून उचलल्यासारखं वर येई. रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले. एसटी थांबली. कंडक्टर उतरून बघून गेला.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पण होड्या रंगवून रंगवून हिरामणचा हात होडीचा झालेला. नाव संपलं तसा त्याने न विचारता खाली बारीक अक्षरांत ‘बंदर चौल’ असं काढून टाकलं. मी म्हटलं, अरे हे काय, हा झोपाळा आहे. तर म्हणाला, तारू कुठल्या बंदराचं ते लिहायलाच लागतं, नाहीतर उद्या कुणी अडवलं तर काय सांगणार. गोदूला ते पटलं. नेताना कुणी अडवावं म्हणूनच तर चाललंय, म्हणाली.

आणि दुसरी गोष्ट, जिचा परिणाम आम्हाला तेव्हा कळला नाही. रंग पातळ करायला हिरामणने पिशवीतून एक बाटली काढली. त्यात मोरीचं तेल होतं. मोरी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल रंगात घातलं की खाऱ्या पाण्यातसुद्धा नाव जात नाही. ही हिरामणची खास रीत. मी विचारलं की ओटीवर खारं पाणी कुठून येणार.

“समुद्राचा काय भरवसा,” हिरामण म्हणाला. “एकदा गेलेला हाय, परत पन येईल.”

होडी उघड्या वाळूवर, भर उन्हात, खाऱ्या वाऱ्यात उभी असते. तिथे हे तेल तासाभरात सुकतं. गोदूची ओटी पडली सुपारीच्या सावलीत. तिथे उन्हालासुद्धा आत यायला परवानगी काढावी लागते. शनिवारी सकाळी मी कुंपण ओलांडून गेलो आणि बोट लावून बघितलं, तर बोट पिवळं.

पण बोटाकडे बघायला वेळ कुणाला होता. अंगणात मांजरं होती. मोरीच्या तेलाचा वास रात्रभर वाऱ्यावर गेला होता, आणि चौलातलं एकूण एक मांजर हजर झालेलं. मागोमाग रेवदंड्याची आली. साळावचा पूल ओलांडून कोर्लईची आली. कौलांवर मांजरं, तुळशीकट्ट्यावर मांजरं, गायीच्या पाठीवर दोन. गोदू ओटीच्या पायरीवर केरसुणी घेऊन उभी, पहाटेपासून. झोपाळा ओला, म्हणून तिला बसायला जागाच नव्हती. जमिनीवर बसायची सोय नाही. एका हाताने खांब धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने केरसुणी चालवत होती.

आम्ही काय काय केलं. टेबलफॅन लावला, तर वास जोरात पसरला आणि नवी मांजरं आली. मी घरून माझ्या नातीचा केस वाळवायचा पंखा आणला, त्याने लाइट गेली. झोपाळा काढून उन्हात न्यावा, तर कड्या गंजून बसलेल्या. आणि तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

टेम्पो अल्पेशचा, नागावचा पोरगा, सीटवर नवीकोरी कव्हरं घातलेली आणि त्यांच्यावर जिवापाड प्रेम. आधी उतरली नेत्रा, हातात वचन दिलेली ती खुर्ची. प्रणय मागून, पांढरीशुभ्र पँट घालून. दुपारी पाहुणे यायचे होते म्हणून सकाळपासूनच मालक होऊन आलेला. पाहुण्यांसाठीचे पदार्थ आधी जेवून बघायच्या निमित्ताने तो मागून चांगलाच ऐसपैस झाला होता. हे मी उगाच सांगत नाही, पुढे त्याचा उपयोग आहे.

नेत्रा पहिल्यांदाच या घरी निवांत येत होती. मुलगी मनाने साफ. गोदू खांबाला धरून उभी आहे हे तिने पाहिलं, आणि म्हणाली, “आत्या, किती वेळ उभ्या आहात. बसा आधी.” आणि काही कळायच्या आत गोदूला खुर्चीत बसवलं. गोदू बसली ती कोपरापर्यंत आत गेली.

तिकडे प्रणय अंगणात थबकला होता. त्याला मांजरांची लहानपणापासून भीती. एवढी मांजरं बघून त्याचा रंग पँटच्या रंगाला मिळाला. त्यांच्या मधोमध कोर्लईचा बोका बसला होता, कान फाटलेला, वासराएवढा. प्रणयने “हूत” म्हटलं. बोका उभा राहिला. प्रणय एक पाऊल मागे सरला. बोक्याने एक पाऊल पुढे टाकलं. असं करत करत, बोक्यावरची नजर न काढता, प्रणय उलट्या पावली पायरी चढला, ओटीवर आला, आणखी मागे सरला, आणि झोपाळ्याची कड गुडघ्यामागे लागली तसा बदकन बसला.

बोकासुद्धा थांबला.

गोदूने उठायचा प्रयत्न केला. ती उठली, पण खुर्चीही तिच्याबरोबर उठली. हातवाली, एकदम आरामाची खुर्ची तिच्या कमरेला धरून अशी बसली होती की गोदू पुढे वाकून उभी आणि मागे चार पाय हवेत. मी एका बाजूने आणि नेत्राने दुसऱ्या बाजूने ओढली तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. नेत्रा खुर्चीकडे बघत राहिली. मग तिने मला हळूच विचारलं की आत्या रोज कशा उठतात. मी झोपाळ्याकडे बोट दाखवलं आणि फळी पुढे येताना काय करते ते हाताने करून दाखवलं. गोदूने माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचं नाव आठवायला वेळ लागला.

तोवर प्रणयला खालून ओल लागली होती. तो उठला, जरा चिकटून उठला, आणि मागे वळून फळीवरचं नाव वाचलं. शंभर वर्षांचं लाकूड, तो म्हणाला, त्याच्यावर हे काय होडीसारखं. गोदूने सांगितलं की त्याच्यावर कुणाचं नाव नाही असं तूच म्हणालास. आता आहे.

“पण हे कालचं हाय, आत्या. अजून ओलं हाय. ओलं नाव चालत न्हाय.”

“मग पूस.”

त्याने अल्पेशकडून फडकं घेतलं, रॉकेल घेतलं आणि वाकून पुसायला लागला. हिरामणच्या तेलाला रॉकेल काय करणार. नाव आणखी चकचकीत झालं. पण तो वाकला तशी त्याची पाठ आमच्याकडे झाली, आणि मग आम्ही ते पाहिलं. अख्खं नाव उतरलं होतं. पिवळं अंग, लाल सावली, निळी कड, खाली बारीक ‘बंदर चौल’, सगळं पांढऱ्याशुभ्र पँटवर, उलटं. दुसऱ्या कुणाच्या पँटवर अर्धं नाव मावलं असतं, पण सांगितलं ना, प्रणय ऐसपैस होता.

नेत्राने तोंडावर हात दाबला. अल्पेश टेम्पोच्या मागे जाऊन बसला. मी गंभीर राहिलो, कारण या वयात हसताना दातांची काळजी घ्यावी लागते.

गोदू म्हणाली, “झोपाळ्यावरचं चालत न्हाय म्हनतोस तर ऱ्हाऊ दे. तुझ्यावरचं चालतं का ते सांग.”

प्रणयने मान वळवून वळवून बघितलं, पण माणसाला ती जागा दिसत नाही. शेवटी नेत्राने मोबाइलवर फोटो काढून त्याच्यासमोर धरला. त्याने फोटो बघितला, झोपाळा बघितला, आत्याकडे बघितलं. या घरात नाव म्हणजे काय ते त्यालाही लहानपणापासून माहीत होतं. चुलीमागच्या डावाला त्यानेही कधी हात लावला नव्हता. पण पोरगा हुशार. त्याचे डोळे चमकले.

“माझ्यावर उलटं उमटलंय,” तो म्हणाला. “नाव उलटं म्हंजे मालकी पन उलटी. मी तुझा न्हाय, आत्या. तू माझी.”

आणि त्याने जिंकल्यासारखं अल्पेशकडे पाहिलं.

गोदूकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. मी तिला साठ-पासष्ट वर्षं ओळखतो, तिच्याकडे उत्तर नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. केरसुणी खाली ठेवली. खांबाला हात लावला आणि रस्त्याकडे बघायला लागली. तिला तिची म्हणणारं कुणी कधी भेटलंच नव्हतं, मग उत्तर तयार कुठून असणार.

बोलली ती नेत्रा. हसणं थांबवून, अगदी थंड आवाजात.

“परत बोल.”

“काय परत बोलू?”

“आत्या कुणाची?”

प्रणय जरा चाचरला. “माझी.”

“मग तिला बसायला काय ठेवतोस?”

प्रणयने खुर्चीकडे बघितलं. खुर्ची अंगणात उलटी पडली होती आणि तिच्यात बोका बसला होता. मग त्याने आत्याच्या गुडघ्यांकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. मग फडकं घडी करून अल्पेशच्या हातात दिलं आणि म्हणाला, टेम्पोतला दोर ठेवून दे, काही न्यायचं नाही.

एवढ्यात हिरामण आपलं काम बघायला आला. फळीवरचा रंग जागोजाग उचललेला पाहून तो आमच्यावर चवताळला, माझं अक्षर कुणी उचललं म्हणून. त्याला प्रणयकडे वळवलं. त्याने प्रणयच्या मागे उकिडवं बसून बराच वेळ तपासणी केली आणि शेवटी मान्य केलं की उतरलंय मात्र छान, सावलीसुद्धा फुटली नाही. नेत्राने तिथल्या तिथे त्याला किहीमचं आमंत्रण दिलं. तिथल्या बाकांवर, टेबलांवर, कपाटांवर पाहिजे ती नावं घालायची, अशीच. हिरामणने एकच अडचण सांगितली, किहीमला बंदर नाही, मग खाली काय लिहायचं. नेत्रा म्हणाली, चौलच लिहा, आमचं तेच बंदर.

गोदू हे सगळं ऐकत होती. रिकामा टेम्पो परत पाठवणं तिला पटेना. तिने वाडीतले नारळ भरायला लावले, इतके की टेम्पोच्या टपाच्या वर ढीग गेला. निघताना नवी अडचण आली. अल्पेश प्रणयला सीटवर बसू देईना. नवी कव्हरं, म्हणाला, तुमची आत्या तुमच्यावर राहू दे, माझ्या सीटवर नको. मग नेत्रा पुढे बसली, आणि प्रणय मागे नारळांच्या ढिगावर, टपावरचा दांडा धरून, उभा. मागून येणाऱ्यांनी वाचू नये म्हणून त्याने शहाणपणा केला आणि पाठ पुढच्या बाजूला केली.

आता शनिवारी दिवाळीच्या गर्दीत अलिबागच्या रस्त्याला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नागावपासूनच गाड्या मुंगीच्या पावलाने. पण पुढच्या गाडीवाल्यांनी आरशात बघितलं, तर उंचावर, पिवळ्यात, लाल सावलीत, सरळ अक्षरांत ‘गोदूबाई, बंदर चौल’. उलटं लिहिलेलं आरशात सरळ दिसणार असं काही मागून यायला लागलं की आपला माणूस काय समजतो? रुग्णवाहिका, नाहीतर सरकारी काहीतरी. पहिली गाडी बाजूला झाली. तिला बघून दुसरी झाली. एसटी कडेला लागली. नाक्यावरच्या हवालदाराने शिटी मारून सगळी वाहतूक अडवली आणि टेम्पोला सलाम ठोकला. एका मुंबईच्या बाईने खिडकीतून हात जोडले म्हणे. पाच मिनिटांत अलिबाग मागे पडलं. त्या रस्त्यावर असं त्याआधी एकदाच झालं होतं, पण तेव्हा रस्ताच नव्हता.

हे सगळं नेत्राने फोनवर सांगितलं, गोदूने स्पीकरवर घेतलं, आणि मी कुंपणाला टेकून ऐकलं. पाहुणे वेळेवर पोचले, प्रणयने पँट बदलायच्या आतच त्यांनी त्याचे पाठमोरे फोटो काढले, आणि आता सगळे विचारताहेत की या गोदूबाई कोण. नेत्राने सांगितलं, मालकीणबाई, चौलला असतात, भेटायचं असेल तर तिथेच जावं लागतं. सोमवारी पाहुणे गेले की आम्ही दोघं येतो, असंही म्हणाली. गोदूने नुसतं “हं” म्हटलं. मग विचारलं, “जेवायला न्हाय तर काय नुसतं बघायला येनार? काय करू ते सांग.”

दुपार कलली आणि रेवदंड्याकडून वारा सुटला. खुर्चीतलं ते बसणं सोडलं तर गोदू सकाळपासून उभीच होती. तिने वाकून फळीला बोट लावलं, बोट उलटं करून बघितलं, पुन्हा लावलं; कोरडं. मग मधलं नाव सोडून कडेला बसावं तशी जरा घुटमळली, आणि नाही बसली कडेला; बरोबर मधोमध बसली. मी कुंपण ओलांडून समोरच येऊन उभा होतो.

“दिना, सरक तिकडं,” ती म्हणाली, “पाय लागंल.”

आणि तिने रेटा दिला.